देवीनं खोळ टाकली तेव्हा

शिव्या वाचण्याचा मला पगार मिळत असे. आमच्या नेरुळच्या सोसायटीत हे पहिल्यांदा सांगितलं तेव्हा बायकांना वाटलं, मी एखाद्या कंपनीच्या तक्रार विभागात होते.

मी एका वस्तुसंग्रहालयात शिलालेखांचे ठसे घ्यायचे. ठाण्या-रायगडात जुन्या देवळांच्या आवारात, तळ्याकाठी, शेताच्या बांधावर अक्षरं कोरलेले दगड सापडतात. ऊन जरा इकडचं तिकडे झालं की फोटोत अक्षर नीट येत नाही, म्हणून दगडाचा कागदावर ठसा घ्यायचा. आधी दगड साध्या पाण्याने धुवायचा. मग जाडसर कागद ओला करून त्यावर चिकटवायचा आणि ताठ केसांच्या ब्रशने ठोकत राहायचं. कागद हळूहळू अक्षरांच्या खाचांत उतरतो. अर्धवट सुकला की कापडात बांधलेल्या कापसाच्या गोळ्याने वरून शाई टिपायची. सपाट भाग काळा होतो, खाचेतलं अक्षर पांढरं राहतं. पूर्ण सुकल्यावर कागद सोलून काढला की शेकडो वर्षांपूर्वीचं लिखाण गुंडाळी करून काखेत मारून घरी नेता येतं. काम एवढंच. पण हात बसायला वर्षं जातात, आणि वारा सुटला की सगळं मुसळ केरात.

या कामात माणसं फार भेटली. दगडावरची अक्षरं म्हणजे गुप्तधनाचा पत्ता, अशी खेडोपाडी ठाम समजूत आहे. एका गावात माझा ठसा घेऊन झाल्यावर तिथल्या एका पुढाऱ्यांनी मला बाजूला नेलं आणि हळूच विचारलं, "मॅडम, किती फूट खाली?"

"काय किती फूट?"

"तेच, जे लिव्हलंय ते."

लिहिलं होतं इतकंच की अमुक बागेच्या उत्पन्नातून देवळातल्या दिव्याला तेल द्यावं. मी ते वाचून दाखवलं. गृहस्थ माझ्याकडे बघून समजूतदारपणे हसले, म्हणजे बाई हुशार आहे, सांगणार नाही. पुढच्या खेपेला गेले तर दगडाच्या जागी माणूसभर खड्डा, आणि दगडाचे दोन तुकडे खड्ड्यात. अक्षरांच्या बरोबर मधून फुटला होता. तो लेख आता फक्त माझ्या ठशात उरला आहे. मी ते गाव कधी विसरले नाही आणि नंतर तिथून जायची वेळ आली तर दुसऱ्या रस्त्याने गेले.

आता शिव्यांविषयी. आपल्या कोकणात जुन्या काळी राजाने किंवा त्याच्या अधिकाऱ्याने जमीन, बाग, मिठागर दान दिलं की त्याचा दगड उभा करत. वर चंद्र आणि सूर्य कोरत, म्हणजे ते आकाशात आहेत तोवर हे दान चालावं. मध्ये लेख. आणि कुणी हे दान मोडू नये म्हणून खाली एक चित्र. त्यात एक गाढव असतं आणि एक बाई असते. जो ही जमीन बळकावेल त्याच्या आईचं असं होईल, हा त्याचा अर्थ. वाचता न येणाऱ्यालाही कळावी अशी, दगडात कोरलेली आईवरची शिवी. या दगडांना गद्धेगळ म्हणतात. मराठीतल्या अगदी जुन्या लिखाणातलं काही लिखाण आपल्याला अशा दगडांवर सापडतं, हे ऐकून मराठीचे प्राध्यापकसुद्धा जरा चुळबुळतात.

यातली खरी गंमत पुढे आहे. राज्यं गेली, दान कुणाला दिलं होतं ते लोक विसरले, लिपी वाचणारं कुणी राहिलं नाही. दगड मात्र उभेच राहिले. काही गावांत लोक त्यांना भिऊन असतात. काही ठिकाणी त्यांच्यावर कोयते पाजळतात, धुणी धुतात. आणि काही गावांत तेच दगड देव झाले आहेत. नारळ, हळद, शेंदूर, वर्षाची जत्रा, सगळं.

निवृत्तीला थोडे महिने राहिले असताना मला अशाच एका गावातून फोन आला. द्रोणागिरीच्या अलीकडचं गाव. नाव सांगत नाही, कारण तिथे अजून माझं जाणं-येणं आहे. फोन करणारी प्रणाली म्हणून तिथल्या शाळेतली तरुण शिक्षिका होती.

"मॅडम, आमच्या गावदेवीनं खोळ टाकली. आणि आतमध्ये... तुम्ही याल का? फोनवर नाही सांगता येणार."

खोळ टाकणं म्हणजे काय, ते सांगायला हवं. मूर्तीवर वर्षानुवर्षं तेल आणि शेंदूर लावत गेलं की त्याचा जाड थर होतो. तो कधीतरी सुटतो आणि आपोआप गळून पडतो. देवाने जुनं वस्त्र टाकलं, असं लोक मानतात, उत्सव करतात. या गावात रस्त्यावरून रात्रंदिवस कंटेनरचे ट्रेलर जातात. त्यांच्या हादऱ्यांनी थर सुटला असावा. एका सकाळी सगळा शेंदूर पायाशी पडलेला, आणि जिथे आजवर देवीचे नुसते दोन चांदीचे डोळे दिसायचे तिथे चंद्र, सूर्य, अक्षरांच्या ओळी, आणि खाली गाढव.

नव्याने सुरू झालेल्या उरणच्या गाडीने मी दुसऱ्याच दिवशी गेले. प्रणाली स्टेशनवर स्कूटर घेऊन उभी होती. वाटेत दोन्ही बाजूंना गोदामं, मधेच उरलेला खारफुटीचा तुकडा, मग एकदम गाव. रस्त्याच्या कडेला पत्र्याच्या छपराखाली तो दगड होता. कुणीतरी त्याच्यावर घाईघाईने सिमेंटची रिकामी गोणी टाकली होती. गोणीसमोर एक म्हातारी बसली होती, हिरवं लुगडं, कपाळावर मोठं कुंकू. तिच्या मांडीवर परातीत शेंदराचे गळलेले तुकडे गोळा करून ठेवलेले.

"या हौसाबाय," प्रणाली म्हणाली. "देवीचं सगळं याच बघतात."

हौसाबाईंनी मला नमस्कार केला नाही की या म्हटलं नाही. "तुमी वाचनाऱ्या ना? मंग वाचा आनि सांगा. ही आमची देवी हाय का नाय?"

मी गोणी बाजूला केली. गद्धेगळच होता, आणि चांगला होता. शेंदराने लेखाचं रक्षण केलं होतं. पस्तीसेक वर्षांच्या नोकरीत असा झाकून राहिलेला दगड मी क्वचितच बघितला होता. मला आनंद झाला, तो चेहऱ्यावर दिसलाही असणार. हौसाबाय माझ्याकडे बघत होत्या.

"बाय, हा दानाचा दगड आहे," मी म्हटलं. "फार जुना आहे. आठशे-हजार वर्षांचा असेल."

"ते नाय इचारलं मी."

एवढ्यात एक गाडी थांबली आणि प्रणालीचे वडील उतरले. जनार्दन, गावात जनादादा. एके काळी घरची भातशेती होती. जमीन सरकारी प्रकल्पात गेली, मग त्यांनी आलेल्या पैशात ट्रेलर घेतले. आता स्वतःचं कंटेनर यार्ड आहे. गावच्या देवस्थान कमिटीचे तेच अध्यक्ष.

"मॅडम, बरं झालं आलात," ते म्हणाले. "तुमच्या म्युझियमला पाहिजे ना हा? घेऊन जा. कागदपत्र, सह्या, काय लागल ते मी करतो. गाडी माझी, माणसं माझी. फक्त लवकर न्या."

"जनू!" हौसाबाय म्हणाल्या.

"काकी, तू गप बस. टेन्शन मला हाय. व्हॉट्सॲपवर बघ काय काय फिरतंय. शेजारच्या गाववाले हसतान, म्हनतान तुमी गाढवाची पूजा करत होते. काल पोरांची मारामारी झाली त्याच्यावरून." मग माझ्याकडे वळून, आवाज खाली आणत ते म्हणाले, "आमच्याकडे लग्नाचा पहिला नारल हिला देतात, मॅडम. माझ्या आयशीनं दिला, बायकोनं दिला. आता पुढच्या महिन्यात हिचं लगीन हाय." त्यांनी प्रणालीकडे हात केला. "पाहुन्यांसमोर मी हिला ह्या चित्रापुढे उभी करू?"

मला त्यांचा राग आला नाही. माणूस दुखावलेला होता.

मी बाजूला जाऊन संग्रहालयातल्या माझ्या साहेबांना फोन लावला. साहेब खूश झाले. "गावच देतंय म्हटल्यावर सोडू नका. इतका सुस्थितीतला आपल्याकडे नाही." त्यांचं म्हणणं बरोबर होतं. आणि मलाही तो हवा होता. नोकरीच्या शेवटी असा दगड आणणं म्हणजे काय ते या कामातल्या माणसालाच कळेल. पण आमच्या तळघरात दगड कसे ठेवलेले असतात तेही मला माहीत होतं. भिंतीला टेकून, एकामागे एक, पाठीवर नंबर. तिथे कुणी कुणाला हळद लावत नाही.

गावाने रविवारी शाळेच्या पटांगणात बैठक बोलावली. "तुम्ही सगळं खरं खरं सांगा," असं प्रणालीनेच मला सांगितलं होतं. "अर्धवट सांगितलं तर पोरं आणखी काहीतरी जोडतील."

माणसं भरपूर आली. बायका मागे बसल्या होत्या, हौसाबाय अगदी पुढे, एकट्या. मी दान म्हणजे काय ते सांगितलं, चंद्र-सूर्य सांगितले. इथवर सगळे मन लावून ऐकत होते. एका तरुणाने तर हात वर करून विचारलं, "म्हणजे मॅडम, आमच्या जमिनी ज्यांनी घेतल्या त्यांना हा शाप लागतो का?" मोठा हशा पिकला, आणि त्या हशात बरंच काही होतं. मी सांगितलं की हे दान कुणा तिसऱ्यालाच दिलेलं असणार, कसणाऱ्याचं नाव अशा दगडावर सहसा येत नाही. तेव्हा हसू थांबलं. एक म्हातारा स्वतःशीच म्हणाला, "कसनाऱ्याचं नाव तवापन नाय."

मग चित्राची पाळी आली. पुरुषांसमोर, मुलांसमोर कसं सांगायचं याची मी गाडीत तयारी केली होती. दान मोडणाऱ्याला दिलेली ही धमकी आहे, त्याच्या आईची विटंबना होईल अशी, एवढंच म्हणाले.

मागून कुणीतरी ओरडलं, "मंग द्या टाकून खाडीत! शिवी कसली पुजायची?"

दुसरा म्हणाला, "मोऱ्याच्या धक्क्यावर नेऊन बोटीत घाला, पार मध्ये नेऊन सोडा." लगेच दहा आवाज उठले. जनादादा हात वर करून सगळ्यांना बसवत होते. "खाडीत नाय टाकायचा. म्युझियमला द्यायचा. मान राहील आपला."

हौसाबाय उठल्या. त्यांना उठायला वेळ लागला, तोवर आवाज आपोआप कमी झाले.

"ताई," त्या मला म्हणाल्या, "त्या बाईचं नाव काय?"

"नाव नाही, बाय. ती कुणीही. जो जमीन चोरेल त्याची आई."

"म्हंजे चोरी केली लेकानं."

"हो."

"आनि आयशीनं काय केलं होतं?"

मी सांगितलं, "काही नाही."

हौसाबाय वळल्या आणि लोकांकडे तोंड करून उभ्या राहिल्या. "ऐकलं? तिनं काय केलं नव्हतं. राजानं तिला अशी रस्त्यावर उघडी मांडली, पावसापान्यात, येनाऱ्या-जानाऱ्यानं बघायला. मंग आपल्या गावातल्या कुना बाईला ते बघवलं नसंल. तिनं हिला शेंदूर लावला. लुगडं नेसवलं. वटी भरली. मंग तिच्या सुनंनं तेच केलं, नि तिच्या सुनंनं. मी पन केलं. मला म्हाईत नव्हतं खाली कोन हाय, पन मी केलं." त्या जनादादांकडे वळल्या. "जनू, तू म्हंतोस लाज वाटते. लाज त्या राजाला वाटाय पायजे. तुझ्या आयशीनं हिला नारल दिला, यात तुझी मान खाली जाईल असं काय हाय?"

मागच्या बाजूला एक बाई उभी राहिली. मग तिच्या शेजारची. मग आणखी चार-पाच. प्रणाली पुढच्या रांगेत वडिलांच्या शेजारी बसली होती, तीही उठली.

हौसाबाईंचं म्हणणं इतिहास म्हणून सिद्ध करता येणार नाही. पहिला शेंदूर कुणी लावला आणि का, याचा काही पुरावा नाही. मी अहवालात ते लिहिलं नाही, लिहिता येत नव्हतं. पण इतकी वर्षं मी या दगडांकडे बघत होते, त्यांची मापं घेत होते, गाढवाचे कान कसे कोरलेत यावरून काळ ठरवत होते. त्या बाईने काय केलं होतं, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता आणि माझ्या ओळखीच्या कुणी तो कुठे विचारलेलाही माझ्या ऐकण्यात नाही.

जनादादा शेवटी म्हणाले, "रस्ता रुंद होनार तवा ती तिथं राहिली तर डंपरखाली जाईल. हलवावी तर लागंलच." मग पटांगणाच्या कडेला हात करून, "शालेच्या बाजूला आपली जागा हाय. तिथं."

साहेबांना मी फोन करून सांगितलं की गाव देत नाही. ते म्हणाले, "ठसा तरी घ्या." मी म्हटलं, तो घेणारच.

पुढच्या आठवड्यात मी कागद, ब्रश, शाई घेऊन गेले. दगड धुवायला लागले तेव्हा हौसाबाय म्हणाल्या, "तुमी नका. आंघोल आमी घालतो." मी त्यांना नुसतं पाणी वापरायला सांगितलं, साबण नको, घासणी नको. सात-आठ बायकांनी हातांनी दगड धुतला. राहिलेला शेंदूर नखांनी हलके हलके काढला. एखाद्या बाळंतिणीला न्हाऊ घालावं तसं चाललं होतं. त्या दिवशी वारा नव्हता. माझा ठसा सुंदर आला.

वरच्या एक-दोन ओळी गेलेल्या होत्या. पिढ्यान्‌पिढ्या दगडावर नारळ फोडले की तेवढं जातंच. मधल्या ओळींत एक गावाचं नाव असावं, ते अजूनही नीट लागलेलं नाही. शेवटच्या ओळीतली शिवी मात्र पुरती वाचता येत होती. जुनं वळण असलं तरी त्यातला एक शब्द आजच्या शाळकरी मुलालाही वाचता आला असता. प्रणाली वाकून ओल्या कागदाकडे बघत होती. तिने बोट न लावता, हवेतच बोट फिरवत तो वाचला.

"माय."

हौसाबाय म्हणाल्या, "मंग? मी काय येगलं सांगत होते?"

दगड हलवायला जनादादांनी यार्डातली हायड्रा क्रेन आणली. खेड्यात देव हलवताना ढोल वाजतात. इथे क्रेनचा रिव्हर्स हॉर्न वाजत होता. पट्ट्यांखाली गोधड्या घातल्या होत्या. जनादादा स्वतः ऑपरेटरला हाताने खुणा करत होते, घसा फाटेस्तोवर ओरडत होते, "सावकास! अरे, कंटेनर नाय तो!" दगड उचलला गेला तेव्हा जमिनीतला भागही बाहेर आला, बाहेरच्याइतकाच लांब. कुणीतरी म्हणालं, केवढी उंच हाय आपली देवी. ट्रेलरवाले रस्त्यात थांबून बघत होते, आणि त्या दिवशी कुणी हॉर्न वाजवला नाही, निदान मला तरी ऐकू आला नाही.

प्रणालीच्या लग्नाचा पहिला नारळ शाळेशेजारीच दिला गेला. तो दगडावर न फोडता शेजारच्या पाट्यावर फोडला. ही माझी विनंती होती. हौसाबाईंनी ती थोडी कुरकुर करून मान्य केली. शेंदूर नाही, हेही मान्य केलं, पण लुगड्यावर त्या अडून बसल्या. माझ्या कामाच्या शिस्तीत दगड उघडा हवा, हवा खेळती हवी, ओलं कापड तर अजिबात नको. शेवटी ठरलं की पावसाळ्यात कापड नाही आणि एरवी सुकं, तेही खालच्या भागापुरतं. कुणी बघायला आलं तर हौसाबाय ते स्वतः बाजूला करणार.

परवा, म्हणजे या गणपतीनंतर, मी पुन्हा गेले होते. मुंबईच्या कुठल्याशा कॉलेजच्या मुली बसने आल्या होत्या. मी लांब झाडाखाली उभी राहिले. हौसाबाय आता काठी घेऊन चालतात. त्या चंद्र दाखवत होत्या, सूर्य दाखवत होत्या. त्यांनी राजाचं जे नाव सांगितलं ते दगडावर कुठेच नव्हतं. दुरुस्त करायला मी एक पाऊल पुढे टाकलं आणि थांबले. ते नंतर सांगता आलं असतं. मग त्यांनी लुगडं बाजूला केलं. मुली जवळ सरकल्या.

थोड्या वेळाने त्यांच्यातली एक म्हणाली, "आजी, एवढा भाग काढूनच टाकायचा ना. छिन्नीने. कशाला ठेवायचं असलं?"

हौसाबाईंनी काठी दगडाला टेकवली आणि चित्राच्या खालची धूळ पदराने पुसली.

"नको ग पोरी," त्या म्हणाल्या. "ती ऱ्हायली तर कोनतरी इचारंल, तिनं काय केलं होतं म्हनून. काढून टाकली तर कोन इचारनार?"

मग त्यांनी लुगड्याच्या निऱ्या नीट केल्या, आणि सगळ्यांना हळद-कुंकू लावायला बसल्या.